न्हावऱ्यातला चिनी सरदार

मामा कुठलंही मशीन चालू करायच्या आधी त्याला प्रदक्षिणा घालायचे. अर्धीमुर्धी नाही, पूर्ण. वाकून, खाली बघत, प्रत्येक जाळीमागं डोकावत. आमचं पुठ्ठ्याचं मशीन चांगलं लांबलचक. एका टोकाला कागदाचे रोल चढवायचे, मधे दातेरी रोलांतून तो कागद दुमडून खळ लागायची आणि दुसऱ्या टोकाला खोक्यांचा पुठ्ठा बाहेर पडायचा. त्याला वळसा घालायचा म्हणजे पाच मिनिटं मोडायची. डिस्पॅचवाले कपाळावर हात मारून घ्यायचे. "मामा, गाडी उभी हाय!" असं कुणी ओरडलं की मामा मशीनच्या पलीकडूनच सांगायचे, "गाडी उभीच असती. माणूस आडवा झाला की उभा व्हत न्हाई."

ते आमच्या मेंटेनन्सचे फोरमन. मूळचे न्हावऱ्याचे, तिथूनच रोज कंपनीच्या बसनं यायचे. त्यांना सगळे मामाच म्हणत, मॅनेजरसुद्धा. मी निमोण्याची. डिप्लोमा करून त्या खात्यात लागले तेव्हा तिथं मी एकटीच बाई होते, आणि सगळ्यांना मला काहीतरी शिकवायची फार हौस होती. मामांनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, "मॅडम, केस टोपीत, ओढणी लॉकरात आन् जीव कुलपात."

जीव कुलपात म्हणजे असं. आमच्यात प्रत्येकाला एक लाल कुलूप दिलेलं असतं, त्याला एकच किल्ली. मशीनमधे हात घालायच्या आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. कुलपाला आपल्या फोटोची चिठ्ठी बांधायची. काम झालं की ज्याचं त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नियम सगळ्याच कारखान्यांत असतो हो, पण मामांइतका तो कुणाच्या अंगात भिनलेला मी पाहिला नाही. आमचा एक दौंडचा इलेक्ट्रिशियन दोनदा कुलूप तसंच ठेवून गाडी पकडायला पळाला होता. दोन्ही वेळा मामांनी त्याला परत बोलावलं. दुसऱ्या वेळी तो पार घरी पोचून जेवायला बसला होता. तो येईपर्यंत अख्खी शिफ्ट हातावर हात धरून बसली, पण कुलूप कुणी तोडलं नाही.

मिशी हा मामांचा वेगळाच विषय. कल्लेदार, टोकांना पांढरी झालेली. शर्टाच्या खिशात एक बारकी स्टीलची फणी असायची. बसमधून उतरले की गेटवरच्या काचेत बघून मिशी सारखी करायची आणि मगच कार्ड दाबायचं. मास्कच्या दिवसांत त्यांनी मामींकडून मुद्दाम रुंद मास्क शिवून घेतले होते, मिशी चेपू नये म्हणून. चीनमधे लोकांनी त्या मिशीसोबत फोटो काढून घेतले म्हणे. मामा सांगायचे, "रांग लावली व्हती."

तर ते चीनचं. हे मशीन घेतलं तेव्हा कंपनीनं तीन माणसं तीन आठवड्यांसाठी तिकडं शिकायला धाडली होती. बाकीचे दोघं घड्याळं, खेळणी, चार्जर असलं घेऊन आले. मामा एक रंगीत पुस्तिका घेऊन आले, तीही सगळी चिनीत. शेवटच्या रविवारी तिथल्या लोकांनी त्यांना गावातलं एक स्मारक दाखवायला नेलं होतं. मोठी बाग आणि आत म्युझियम. अठराशे वर्षांपूर्वीचा कुणी सरदार. लढाया मारून निम्मा मुलूख घेतला आणि लढायांच्या मधे कविता केल्या. नाव मी लिहीत नाही. मला ते नीट घेता येत नाही आणि मामांचं म्हणणं होतं, "चुकीचं नाव घ्यायापरीस सरदार म्हना. कळतंय त्याला."

सोबत एक दुभाषी मुलगी होती. तिचं हिंदी आपल्यापेक्षा शुद्ध. मामा तिची नक्कल अगदी हात जोडून करायचे, "महोदय, ये सेनापति कवि भी थे." बाग कशी होती विचारलं की सांगायचे, "पायऱ्याच पायऱ्या. वर घोड्यावर सरदार. खाली म्हाताऱ्या पत्ते खेळत्यात, म्हातारे हातवारे करत व्यायाम करत्यात, कुणी त्याच्याकडं बघत बी न्हाई. आत भाले, ढाली, विटांचा भुयारी रस्ता. दगडावर त्याच्या कविता कोरल्यात." भुयारातून सरदार म्हणे रात्रीत फौज फिरवायचा. बाकीचे फोटो काढत होते तेव्हा मामा त्या भुयारात हवा कुठून येते ते शोधत होते.

आणि त्यांनी त्या मुलीला विचारलं, "हा मानूस चांगला का वाईट?"

ती म्हणाली, नाटकात याला दुष्ट दाखवतात, तोंडाला पांढरा रंग फासून. पण हे त्याचं गाव, इथं तो चांगला.

"आपल्यासारकंच की!" मामा मांडीवर थाप मारून सांगायचे. "गावात भाऊ, तालुक्यात भामटा."

मग आली ती भिंत. त्या भिंतीवर सरदाराच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले होते आणि त्यातल्या एकापाशी मामा अडकले ते कायमचे. गोष्ट अशी: फौज चालली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा गहू. सरदारानं हुकूम काढला, जो गहू तुडवील त्याची मान उडवीन. सगळे शिपाई घोड्यावरनं उतरून चालायला लागले. तेवढ्यात कुठूनसा एक पक्षी फडफडला, खुद्द सरदाराचा घोडा बुजला आणि गव्हात शिरला. झाली पंचाईत. हुकूम तर स्वतःचाच. सरदारानं तलवार काढली, लोकांनी हात धरला. तुम्ही मेलात तर फौज कोण चालवणार? मग सरदारानं स्वतःचे केस कापले आणि फौजेसमोर टाकले. मानेच्या बदली केस.

"ही पळवाट हाय!" मामा तिथंच ओरडले. म्युझियममधे. "शिपाई असता तर मान, आन् सायब हाय म्हनून केस? माझ्याकडं बी लई केस हायत!"

बस हॉर्न देत होती. ती मुलगी बिचारी समजावत राहिली, महोदय, त्या काळी केस म्हणजे आईबापानं दिलेलं अंग, ते कापणं फार मोठी लाज. मामा म्हणाले, "मग बापाला इचारलं व्हतं का त्यानं?" यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं. मामा उत्तराशिवाय बसमधे बसले आणि ते उत्तर शोधायला त्यांनी न्हावऱ्यात स्वतःचं म्युझियम काढलं.

खोटं सांगत नाही. विहिरीशेजारचा उसाचा एक तुकडा मोडला आणि तिथं बाग केली. शिरूरचे एक वेल्डिंगवाले चाचा मामांचे जुने दोस्त. त्यांनी मोटरसायकलींच्या जुन्या सायलेन्सरचा घोडा करून दिला. चांगला पुरुषभर उंच, मान वळवलेला, बुजलेला. चाचा दर महिन्याला विचारायचे, "मामा, घोडा तो हो गया, सवार कब बिठाते?" मामा म्हणायचे, "निकाल लागू द्या." सरदार चांगला का वाईट ते ठरल्याशिवाय त्याला घोड्यावर बसायला मिळणार नव्हतं.

कांद्याच्या चाळीचा अर्धा भाग म्हणजे म्युझियम. त्या पुस्तिकेची पानं लॅमिनेट करून लावलेली. आमच्या कंपनीतल्या टाकाऊ पुठ्ठ्यातून केलेली बागेची प्रतिकृती, पायऱ्यांसकट, पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांसकट. भुयार म्हणून सिमेंटचा एक मोठा पाइप, त्यातून पोरांनी रांगत जायचं. दुभाष्या मुलीनं दोन कवितांचा अर्थ सांगितला होता, तो मामांच्या डायरीत होता. पण तो त्यांनी कधी कुणाला वाचून दाखवला नाही. म्हणायचे, "मला कवितेतलं कळत न्हाई. कविता करनारा मानूस मान उडवायचा हुकूम कसा सोडतो, त्ये बघायला आणलंय." दाराशी दोन बरण्या. आत येणाऱ्यानं जाताना मक्याचा एक दाणा टाकायचा, चांगला वाटला तर डाव्या बरणीत, वाईट वाटला तर उजव्या. आणि घोड्यासमोर एक गुंठाभर गहू. त्यात पाय ठेवायची कुणाची बिशाद नव्हती. गहू निघाला की तिथं पाटी लागायची, 'गहू कापला आहे. सरदार सुट्टीवर.'

गावानं काय केलं? हसलं. पाहुणे आले की दाखवायला आणलं आणि परत हसलं. मधे चिनी मालावरनं वातावरण तापलं होतं तेव्हा आठदहा पोरं घोडा पाडायला आली. मामा खुर्ची टाकून बसलेच होते. म्हणाले, "त्यो मरून अठराशे वर्सं झाली. आधी खिशातले मोबाइल टाका हिरीत, मग घोडा पाडू. चला, मी बी हात लावतो." पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि मक्याचे दाणे टाकून गेली. सगळे उजव्या बरणीत, हे मात्र खरं.

कंपनीतही सरदार पसरला. त्याची आणखी एक गोष्ट होती. फौज तहानेनं व्याकुळ झाली तेव्हा त्यानं सांगितलं, पुढं आंबट फळांची बाग आहे. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि फौज चालत राहिली. बाग नव्हतीच. मामांनी ती फळं बदलून चिंचा केल्या. तेव्हापासून आमच्यात मॅनेजमेंटनं काही कबूल केलं की एकच शब्द, "चिंचा." नवीन कॅन्टीन? चिंचा. एसी बस? चिंचा. मॅनेजरला शेवटपर्यंत कळलं नाही आम्ही त्याच्या भाषणात चिंचेचं नाव का काढतो.

हे सगळं वाचून मामा गमतीशीर म्हातारा वाटेल. होतेच. पण त्यांनी माझ्या उजव्या हाताचं आणि माझ्या नोकरीचं काय केलं असतं आणि काय केलं, ते सांगायला मी बसलेय.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून मशीनची मोठी कामं गुरुवारीच. त्या गुरुवारी मला दातेरी रोलांमधली सुकलेली खळ खरवडायची होती आणि एक बेअरिंग बघायचं होतं. स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात. माझ्या फोटोची चिठ्ठी वाफेनं भिजून आदल्याच आठवड्यात गळून पडली होती. नवीन घेऊ म्हणत राहून गेलं होतं. तेवढी चूक माझी, ती मी कबूल करते.

मामांचा जीव त्या दिवशी थाऱ्यावर नव्हता. केंदूरच्या शाळेनं रीतसर पत्र पाठवलं होतं: चार वाजता सहल आणतो, स्मारक दाखवा. पत्र! शाळेच्या शिक्क्याचं! इतकी वर्षं हसणारे लोक पाहिलेला माणूस तो. सकाळपासून ते पत्र चार जणांना दाखवून झालं होतं. दोन वाजता ते मेन स्विचच्या पॅनलपाशी आले. मशीन एकदा फिरवून बघायचं आणि निघायचं. पॅनलला बिनचिठ्ठीचं कुलूप. मामांना वाटलं, दौंडवाला परत विसरून पळाला. शिव्या घातल्या. एकदा हाक मारली, "कोन हाय का आत?" पलीकडं कॉम्प्रेसर कोकलत होता, मला काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी कटर आणला, कुलूप तोडलं, स्विच चढवला आणि प्रदक्षिणा न घालता बटण दाबलं.

नेमकं त्याच क्षणी माझं नाक खाजलं. खळ सुकली की तिची पूड उडते, नाकात जाते. मी हात बाहेर काढला, मनगटानं नाक घासलं आणि माझ्यासमोर रोल फिरले. पाना आत होता. तो दातांत गेला, कडाडकन आवाज झाला आणि मशीन अडकलं. हातमोजा मी रोलावरच काढून ठेवला होता, त्याची दोन बोटं आत गेली होती. रिकामी. देवाशप्पथ, आजही खळीचा वास आला की माझं नाक खाजतं आणि मी मनातल्या मनात हात जोडते.

मामा धावत पलीकडनं आले. मोजा बघितला आणि त्यांच्या तोंडाचा रंगच गेला. "मूठ मिट. उघड. परत मिट." दहा वेळा करायला लावली. मी रडत होते आणि मूठ मिटत होते. मग ते म्हणाले, "घरी जा पोरी." मॅडम नाही म्हणाले. मला वाटलं बटण चुकून दाबलं गेलं असेल. कुलपाचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

शुक्रवारी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद तयार. पॅनलला कुलूप आढळलं नाही, म्हणजे मी ते लावलंच नव्हतं, म्हणजे जीवघेणा निष्काळजीपणा. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मला सरळ सांगितलं, सोमवारी निर्णय कळवू. निर्णय काय असणार ते शिपायालासुद्धा माहीत होतं. मी म्हटलं, मी कुलूप लावलं होतं. ते म्हणाले, मग कुठाय? मी पॅनलखाली शोधलं, लॉकर उलटा केला, डबा झाडला. किल्ली माझ्याजवळ आणि कुलूप कुठंच नाही. दुपारपर्यंत माझं मलाच वाटायला लागलं, बाई, तू खरंच लावलं होतंस का? नोकरी जाण्यापेक्षा ते वाईट होतं. स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला की हात शाबूत राहून तरी काय उपयोग?

आणि मामा त्या दिवशी आलेच नाहीत. रजा.

शनिवारी सकाळी सात वाजता रोजची मीटिंग होती, मशीनसमोर उभ्यानं. चाळीसएक माणसं. मामा मागून आले आणि पुढं जाऊन उभे राहिले, आणि सगळी कुजबुज एकदम थांबली. मिशी नव्हती. डोक्याला कंपनीची टोपी, खाली ते उघडं, फिकं, अनोळखी तोंड. ओठावर दोन ठिकाणी कापलेलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "आरं, आबा गेले का काय?" आबा म्हणजे मामांचे वडील, नव्वदीचे. आपल्याकडं मिशी उतरवलेला माणूस दिसला की दुसरं काय मनात येणार?

मामांनी खिशातून तोडलेलं लाल कुलूप काढलं आणि मॅनेजरच्या हातात दिलं.

"ह्ये मॅडमचं. मी तोडलं. फेरी मारली न्हाई आन् बटन दाबलं. तिनं कुलूप लावलं व्हतं, तिची किल्ली लावून बघा." मग आमच्याकडं वळले. "तुमच्यापैकी कुनी ह्ये केलं असतं तर मी त्याला गेटाभाईर काढला असता. माझं काय करायचं त्ये सायबांनी ठरवावं."

किल्ली लावली. तोडलेल्या कुलपातही ती सरळ फिरली. मॅनेजरनं माझा कागद तिथंच फाडला. मला एकदम हलकं वाटलं. आणि खरं सांगू का, दुसऱ्याच मिनिटाला राग आला. कालचा अख्खा दिवस मी माझीच खोटी साक्षीदार झाले होते, आणि कुलूप यांच्या खिशात!

मामांना मशीनवरनं काढून स्टोअरला बसवलं. रिटायर होईपर्यंत ते तिथंच होते. सगळ्यांना फार वाईट वाटलं, मामांना नाही. "बरं झालं. मान राहिली," म्हणायचे.

पण त्या शनिवारी माझा राग निघेना. शिफ्ट सुटल्यावर स्कूटर काढली आणि थेट न्हावरे गाठलं. मामा बागेत गव्हाच्या कडेला बसले होते.

"काल का नाही आलात?" मी उभ्यानंच विचारलं.

"आल्तो. गेटापातुर आल्तो. काचेत तोंड बघितलं आन् मागं फिरलो." गव्हाकडं बघतच बोलत होते. "लाज वाटली पोरी. तुज्या नोकरीपरीस माझी लाज मोठी झाली एक दिस. त्ये कुलूप तोडन्यापरीस वाईट."

"आणि शाळेची पोरं?"

"आली. सगळं दाखवलं. भुयारातनं नेलं. त्या चित्रापाशी आलो आन् माझं तोंडच उघडंना. पेरू वाटलं, दिली लावून."

मी त्यांच्या शेजारी बसले. राग अजून होता, पण त्याला आता नीट उभं राहता येत नव्हतं. म्हटलं, "मामा, केस कापणं ही पळवाट ना?"

"पळवाटच हाय." त्यांनी सवयीनं ओठावर बोटं फिरवली, तिथं काही नव्हतं. "पर रातभर शोधली, दुसरी वाट सापडली न्हाई."

एवढ्यात रस्त्यावरनं एक मोटरसायकलवाला ओरडला, "मामा, हितं काय बसलाय? घरी सगळी जमल्यात की!"

घरी गेलो तर अंगणात निम्मं गाव. टोपीवाली माणसं उकिडवी, खाली मान घालून. बायका पदर सावरून ओट्याला टेकलेल्या, समोर भाकरीच्या टोपल्या, पिठल्याची पातेली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजार घेऊन येतं तसं. दाराला कुलूप. मामी आबांना आणायला निमोण्याला नणंदेकडं गेल्या होत्या. नवरा दोन दिवस बोलेना, जेवेना, म्हातारा तरी बोलता करील म्हणून. आबा आठ दिवसांपासून लेकीकडंच होते. सकाळी बसथांब्यावर लोकांनी मामांचं बिनमिशीचं तोंड बघितलं आणि हिशेब केला: आबा निमोण्यात गेले. असलं कुणी तोंडावर विचारत नाही. मामांचा फोन लॉकरात, मामींचा घरात वाजत पडलेला. संध्याकाळपर्यंत गावानं आपलं दुःखाचं काम चोख केलं होतं.

मामांना बघून एक म्हातारी रडायलाच लागली. एकजण पुढं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोनं झालं. पिकलं पान व्हतं." मी काही बोलणार तेवढ्यात फाटकातून भाच्याची मोटरसायकल आत आली. मागं मामी आणि दोघांच्या मधे, पागोटं सांभाळत, आबा.

रडणारी म्हातारी मधेच थांबली. आबा उतरले. काठी टेकली. गर्दीकडं बघितलं, टोपल्यांकडं बघितलं.

"कोन गेलं रं?"

पान पिकलं म्हणणारे गृहस्थ फाटकाच्या दिशेनं सरकायला लागले. आबांनी लेकाकडं बघितलं, जवळ गेले, हनुवटी धरून तोंड उजेडाला केलं.

"माज्या जितेपनी मिशी काढलीस?"

आणि माझे मामा, चाळीस माणसांसमोर न डगमगलेले, गावादेखत लहान लेकरासारखे रडायला लागले. रडतरडतच सगळं सांगितलं. कुलूप, कटर, बटण, शाळेचं पत्र. "हिचा हात गेला असता आबा. मी घालवला असता. तुमाला इचारलं न्हाई, तेवढी चूक झाली."

आबांना थोडं ऐकू कमी येतं, पण हे सगळं ऐकू आलं असावं. ते ओट्यावर बसले आणि मला खूण केली. "हिकडं ये. कंचा हात?"

मी उजवा पुढं केला. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. करंगळीपासून सुरुवात केली. एक बोट वाकवायचे, सरळ करायचे, दाबून बघायचे, मग दुसरं. बाजारात जनावराचे पाय बघावेत तसं, घाई न करता. अंगठ्यापर्यंत आले. मग हात उलटा करून पाठ बघितली, सुलटा करून तळवा बघितला.

"पाची हायत," आबा म्हणाले. मग माझा हात न सोडताच गावाकडं वळले. "कुनी मेलं न्हाई. भाकरी आणल्यात त्या वाढा आता."

पंगत बसली. सुतकाचं म्हणून आणलेलं पिठलं, कुणीतरी पळत जाऊन कांदे फोडून आणले. मामा माझ्याशेजारी बसले होते, खाली मान घालून भाकरी मोडत. मी उजव्या हातानं तीन भाकरी खाल्ल्या.